आतड्यातील जिवाणू आणि स्वमग्नता

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचा त्यांच्या वागण्याशी काही संबंध आहे का, यावर गेली पंचवीसेक वर्षे संशोधन चालू आहे. बद्धकोष्ठता, जुलाब, पोटदुखी या तक्रारी या मुलांमध्ये इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात, यावर दुमत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांचे वर्णन करून ऑटिझम हे नाव रूढ केले, त्यांतल्या काहींच्या नोंदीतही खाण्यापिण्याच्या अडचणी आहेत. वाद आहे तो आधी काय आणि नंतर काय, याचा.

या शोधाला पहिली चालना एका अमेरिकी आईने दिली. कानाच्या त्रासासाठी वारंवार प्रतिजैविके द्यावी लागली आणि त्यानंतर मुलगा बदलत गेला, हे तिने पाहिले होते. औषधांनी नेहमीचे जिवाणू मेले आणि त्यांच्या जागी विष सोडणारे क्लॉस्ट्रिडियम माजले असावेत, असा तिचा तर्क. रिचर्ड सँडलर, सिडनी फाइनगोल्ड आदी संशोधकांनी तो तपासायला घेतला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ११ मुलांना व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक तोंडावाटे दिले गेले. हे औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरत नाही; म्हणजे काही फरक पडला तर तो आतड्यामुळेच, असे धरता येत होते. बहुतेकांच्या वागण्यात चांगला फरक पडला. औषध थांबल्यावर तो ओसरला. मुले मोजकी होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, पण त्या आईचे निरीक्षण वाऱ्यावर सोडले गेले नाही, हे महत्त्वाचे.

आतडे आणि मेंदू यांच्यात मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू, रोगप्रतिकार यंत्रणा आणि जिवाणूंनी तयार केलेली रसायने यांमार्फत देवाणघेवाण चालते. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत २०१३ मध्ये स्वमग्नतेसारखी लक्षणे असलेल्या उंदरांवर झालेल्या प्रयोगात बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस हा जिवाणू दिल्यावर आतड्याची गळती कमी झाली आणि तेच ते करत राहणेही कमी झाले. मात्र इतर उंदरांशी मिसळणे सुधारले नाही. ही तळटीप नव्हे, निम्मा निष्कर्ष आहे.

२०१७ मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ मुलांना निरोगी दात्यांच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव काही आठवडे दिले. पोटाच्या तक्रारी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाल्या, वागण्यातही सुधारणा नोंदली गेली. पण काय दिले जात आहे हे पालकांना माहीत होते, आणि आशा लागलेल्या आईबापांच्या नजरेला लहानसा बदलही मोठा दिसतो.

२०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासाने प्रश्नच उलटा केला. २४७ मुलांची विष्ठा तपासली. त्यांपैकी ९९ स्वमग्न होती. स्वमग्नतेचा जिवाणूंशी थेट संबंध नगण्य निघाला. आहाराचा मात्र ठळक निघाला. घरात असे मूल असलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. वरणात बोट बुडले तरी अंगावर काटा येणारे, भाजीचा तुकडा दिसताच ताट सरकवणारे मूल महिनोन्‌महिने दहीभात किंवा एकाच कंपनीच्या बिस्किटांवर काढते. ताटातले प्रकार घटले की आतड्यातले जिवाणूंचे प्रकारही घटतात. म्हणजे जिवाणूंमुळे स्वमग्नता नव्हे, तर स्वमग्नतेमुळे आहार आणि आहारामुळे जिवाणू, अशी ही साखळी असू शकते. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसणारा आनुवंशिकतेचा मोठा वाटाही याच बाजूने बोलतो. हाँगकाँगमधील १,६०० हून अधिक मुलांच्या २०२४ च्या अभ्यासात सूक्ष्मजीवांवरून स्वमग्न मुले बऱ्यापैकी ओळखता आली, परंतु ओळखखूण आणि कारण या वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोबायोटिक (पोटात घ्यायचे उपयुक्त जिवाणू) आणि दूध-गहू वर्ज्य आहार स्वमग्नतेवरचा उपाय म्हणून सर्रास सुचवले जातात. त्यासाठी पुरेसा आधार नाही. आधीच चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यांतले दोन बंद केले तर त्याचे कुपोषण होऊ शकते. विष्ठारोपण तर घरी करण्याची गोष्टच नव्हे: दात्याच्या विष्ठेतील औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूमुळे एका रुग्णाचा मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये इशारा दिला होता.

दरम्यान दुखणारे पोट दुखतच असते. न बोलणारे मूल पोट दुखते असे सांगत नाही. ते टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभे राहते, रात्री उठून रडते, स्वतःला मारून घेते. असे वागणे हे पोटदुखीचे एकमेव लक्षण असू शकते, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१० मध्ये एकत्रितपणे नोंदवले आणि या मुलांची तपासणी व उपचार इतर कोणत्याही मुलाइतकेच काळजीपूर्वक व्हावेत, अशी शिफारस केली.