मालवणची बेटे होडीतून: बुकिंग करण्याआधी हे वाचून घ्या

आमच्या होड्या रोज एकाच वेळी सुटत नाहीत. एखाद्या दिवशी सकाळी सातला बोलावतो, एखाद्या दिवशी साडेनऊला. कधी आधी किल्ला आणि मग देवबाग, कधी त्याच्या उलट. ही वेळ भरती-ओहोटी आणि वारा पाहून ठरते, म्हणून आम्ही ती आदल्या संध्याकाळी कळवतो. परतीची गाडी, जेवणाची ऑर्डर, पुढच्या गावचा मुक्काम हे सगळे त्यानंतरच पक्के करा.

फेरीतल्या जागा

या फेरीत चार जागा येतात आणि चारही वेगळ्या जातीच्या आहेत. मालवण धक्क्यासमोरच्या कुरटे बेटावर किल्ले सिंधुदुर्ग. त्याच्या शेजारी, दांडीच्या किनाऱ्याजवळ छोटा पद्मगड. दक्षिणेला देवबागच्या टोकाशी, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. आणि उघड्या समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटर आत, दीपगृह असलेले निवती रॉकचे खडक. किल्ला आणि त्सुनामी आयलंड एका दिवसात आरामात होतात. निवती रॉक त्यातच कोंबू नका, त्याला वेगळी सकाळ द्या.

अँग्रिया बँकेबद्दल बरेच जण विचारतात. ते बेट नव्हे. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर दूर, पूर्णपणे पाण्याखाली असलेला तो प्रवाळांचा उंचवटा आहे. आमच्या होड्या तिथे जात नाहीत, आणि दिवसभराच्या फेरीत कोणी तिथे नेतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

पाणी कधी असेल, हे घरबसल्या कसे काढायचे

किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे. दिनदर्शिकेवर त्या दिवसाची तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्यापासून सुमारे सहा तासांवर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला पाणी सर्वांत खाली. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहल आखायला एवढे पुरते. होडी काढताना आम्ही छापील भरतीचे कोष्टक पाहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी किती चढेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

याचा तुमच्या फेरीशी थेट संबंध आहे. त्सुनामी आयलंड ही पक्की जमीन नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर हा दांडा वर आला असे गावात सांगतात. दर पावसाळ्यात नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा त्याचा आकार बदलतात. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि तुम्ही गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यात उभे असता. कोरडी वाळू हवी असेल तर ओहोटीच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास धरा. द्वितीया ते षष्ठी या तिथींना, शुद्ध असो वा वद्य, सकाळीच ओहोटी मिळते. ऐन पौर्णिमेच्या शनिवारी सकाळी अकराला आलात तर पाणी अगदी वर असणार. किल्ल्याला मात्र भरती सोयीची, कारण ओहोटीला आजूबाजूचे खडप, म्हणजे पाण्याखालचे खडक, उघडे पडते आणि होडीला वळसा घालून जावे लागते. म्हणूनच चतुर्थीला आम्ही आधी देवबाग घेतो आणि पौर्णिमेला आधी किल्ला.

वारा

ऑक्टोबर ते मे या काळात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि समुद्र पाटासारखा सपाट असतो. उन्हाने जमीन तापली की साधारण अकरा-बारानंतर खारा वारा सुरू होतो आणि दुपारभर वाढत जातो. आखूड, उभ्या लाटा उठतात, होडी आपटते, पाणी अंगावर येते. किल्ल्याची वाट दहा-पंधरा मिनिटांची असल्याने तिथे दुपारी फक्त कपडे भिजतात. निवती रॉकला मात्र सकाळी साडेसहा-सातलाच निघावे लागते, आणि दहाच्या आत परतीला लागणे आम्ही बंधनकारक ठेवले आहे. उशिरा आलेल्यांसाठी निवतीची होडी थांबत नाही.

पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, प्रवासी वाहतूक बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो, तरी सप्टेंबरमध्ये लाटांचा भरवसा नसतो आणि पाणी गढूळ असते. स्नॉर्केलिंगसाठी पाणी स्वच्छ हवे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा.

किल्ले सिंधुदुर्ग

शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. क्षेत्र सुमारे ४८ एकर, तट सुमारे तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद. महादरवाजा दोन बुरुजांच्या वळणात लपवलेला आहे, त्यामुळे होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. तिकडे वळताना तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, होडी हळू करतो. तेव्हा पुढे बघा, ही रचना समुद्रातूनच कळते.

आत सामान्यतः तासाभराचा वेळ मिळतो. तेवढ्यात सगळा तट फिरून होत नाही. आमचा सल्ला: दरवाजाजवळच्या घुमट्यांत महाराजांच्या हाता-पायाचे ठसे पाहा, मग थेट शिवराजेश्वर मंदिरात जा. राजाराम महाराजांच्या काळातल्या या मंदिरातली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आणि नावाड्याच्या टोपातली आहे. तिथून दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी पाहा. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर किल्ला टिकला तो यांच्या जोरावर. उरलेल्या वेळात पश्चिमेच्या तटावर चढा. तटाला कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. किल्ल्यावर आजही काही कुटुंबे राहतात, त्यांच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नका.

पद्मगडाला ओहोटीत दांडीहून वाळूवरून चालत जाता येते, पण परतायची वेळ चुकली तर वाट पाण्याखाली जाते. पाणी चढताना ते आधी मधल्या खोलगट भागात भरते आणि तुम्ही उभे असता तिथे कोरडेच दिसते, म्हणून लोक फसतात. ओहोटी पूर्ण व्हायच्या अर्धा तास आधी जा, पाणी फिरले की लगेच माघारी या.

देवबागचा संगम: लाट का फुटते

ओहोटीला खाडीचे सगळे पाणी जोराने बाहेर धावते. त्याच वेळी समुद्राकडून लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर आली की लाट आखूड होते, उभी राहते आणि जागच्या जागी फुटते. मुखाशी वाळू साचून पाणी उथळ झाल्याने तिचा जोर आणखी वाढतो. किनाऱ्यावरून हे दृश्य निरुपद्रवी वाटते, होडी उलटते ती मात्र इथेच. तांडेल मुख ओलांडतो ते पाणी चढत असताना किंवा थांबलेले असताना. "समोर तर डॉल्फिन दिसतायत, घ्या ना बाहेर," असा आग्रह तेव्हा करू नका. त्याने नाही म्हटले तर आम्ही त्याचेच ऐकतो.

याच कारणाने त्सुनामी आयलंडच्या समुद्राकडच्या टोकाला पोहू नका. पाणी कमरेएवढे असले तरी ओढ पाय उचलते. चांगले पोहता येणारेही प्रवाहाविरुद्ध दमून जातात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, तरंगत राहा, हात वर करा, आमची होडी येते.

होडीत

लाईफ जॅकेट धक्क्यावरच घाला आणि सगळे पट्टे आवळा. नीट बसले की नाही ते असे पाहा: दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे, बदलून घ्या. लहान मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाते. मुलांची वजने बुकिंगलाच सांगा, म्हणजे त्या मापाची आणून ठेवतो. साडीचा पदर खोचून घ्या, ओढणी जॅकेटच्या आत घाला.

धक्क्याच्या खालच्या पायऱ्या ओहोटीला शेवाळाने गुळगुळीत असतात. खलाशाचा हात मनगटापाशी धरा, पाय होडीच्या मधोमध टाका, कडेवर नको. होडीची कड आणि धक्का यांच्या फटीत बोटे कधीही ठेवू नका. देवबागला ओहोटीत होडी काठाला लागत नाही, थोडे अंतर गुडघाभर पाण्यातून चालावे लागते.

पाठीचे दुखणे असेल तर मागे, इंजिनाच्या बाजूला बसा. आपटी बसते ती नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. गरोदर महिलांना आम्ही निवतीच्या फेरीला नेत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला उठून उभे राहतात. वीस माणसांचे वजन एकदम एका कडेवर आले की होडी कलते, आणि त्याच क्षणी बाजूने लाट आली तर सावरायला वेळ मिळत नाही. जागेवर बसूनच फोटो काढा, तांडेल होडी वळवून दोन्ही बाजूंना दाखवतो.

मध्येच इंजिन बंद पडले तर घाबरू नका. बहुतेक वेळा जाळ्याचा दोर पंख्यात अडकलेला असतो. खलाशी आधी नाळेवरून नांगर टाकतो, म्हणजे होडीचे तोंड लाटेकडे राहते, आणि मग दोर कापतो. तोवर खाली बसून राहा आणि मदतीला म्हणून मागच्या बाजूला गर्दी करू नका. इंधनाचा एक भाग जायला, एक यायला आणि एक राखीव, असे धरूनच आम्ही टाकी भरतो.

मळमळ होणाऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. होडीत बसल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. उपाशी येऊ नका, एक-दोन घावणे खाऊन या. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाईलच्या पडद्यावर नको.

डॉल्फिन, प्रवाळ, पाकोळ्या

इथे दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा पाठीवर कुबड असलेल्या जातीचा असतो आणि तो किनाऱ्याजवळच राहतो. सकाळच्या सपाट पाण्यात त्याच्या पाठीवरचा पर लांबून दिसतो. आम्ही इंजिन मंद करून त्याच्या बाजूने समांतर चालतो. पाठलाग केला की तो खोल जातो आणि श्वासाला लांब निघतो, म्हणजे त्यालाही त्रास आणि तुम्हालाही काही दिसत नाही. तो दिसेलच अशी हमी आम्ही देत नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. किल्ल्याजवळ उथळ पाण्यातच प्रवाळ आहेत. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटर वाढणाऱ्या या जिवावर एकदा पाय पडला की अनेक वर्षांची वाढ मोडते. स्नॉर्केलिंग करताना उभे राहू नका. दम लागला तर उताणे होऊन तरंगा. प्रवाळाचा तुकडा उचलणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, मेलेला असला तरी. निवती रॉकच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. आम्ही तिथे कोणालाही उतरवत नाही, होडीतूनच दाखवतो.

स्कूबा करणार असाल तर सर्दी असताना करू नका. नाक चोंदले असेल तर कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडदा दुखावतो. डाईव्हनंतर किमान बारा तास विमान नको, अनेक डाईव्ह केल्या तर अठरा तास. संध्याकाळचे चिपी किंवा मोपाचे विमान असेल तर स्कूबा आदल्या दिवशी उरका.

लागले, चावले तर

खडपावर कालवांच्या शिंपा असतात, त्या पात्यासारख्या कापतात. पट्ट्याची सँडल किंवा जुने बूट आणा, रबरी चप्पल पाण्यात निघून जाते. उथळ वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, लपलेले असते. पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे ते आधीच निघून जाते. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखान्यात चला. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडे पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू हाताने न धरता चिमट्याने काढा. श्वास लागला किंवा छातीत दुखले तर वेळ न घालवता सांगा.

पैसे, यादी, फोन

समुद्र खराब म्हणून आम्ही फेरी रद्द केली तर पूर्ण पैसे परत, किंवा दुसरी तारीख, तुमची निवड. वाटेत तांडेलाने होडी माघारी वळवली तर न झालेल्या भागाचे पैसे परत मिळतात, त्यासाठी वाद घालावा लागत नाही. माणशी एक लिटर पाणी, टोपी आणि मोबाईलसाठी जलरोधक पिशवी बरोबर ठेवा. दारू प्यायलेल्यांना होडीत घेत नाही. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, निघण्याआधी साठवून घ्या. निवतीकडे रेंज जाते-येते, त्यामुळे तिकडच्या होडीत आम्ही बिनतारी संच देतो.

निघताना प्रत्येकाचे नाव, वय आणि घरच्या एका माणसाचा फोन धक्क्यावरच्या वहीत लिहून घेतो. त्या वहीत खोटे नाव किंवा अंदाजे आकडा देऊ नका. परत आल्यावर धक्क्यावरच्या माणसाला सांगूनच गाडीकडे जा. तुमच्या नावापुढे खूण झाली नाही तर आम्ही शोधायला होडी काढतो.