ग्रॅव्हल वाटा (बोरीवली नॅशनल पार्क)

ग्रॅव्हल वाटा म्हणजे डांबर-काँक्रीट नसलेले मुरमाचे, खडीचे, कच्चे रस्ते, ज्यांच्यावरून रुंद टायरची पण रेसिंग सायकलसारख्या वाकड्या हँडलची सायकल चालवतात. मुंबईत हा शब्द अलीकडे रुळलाय आणि तो बहुतेक वेळा बोरीवली नॅशनल पार्क (कागदोपत्री संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) आणि त्याच्या कडेचा येऊर, आरे, घोडबंदर हा पट्टा यांना लावला जातो. तो इथे कितपत लागू पडतो हा मात्र वेगळा विषय, कारण पार्कात सायकलला जो रस्ता मोकळा आहे तो डांबरी आहे, आणि जे रस्ते खरोखर मुरमाचे आहेत तिथे सायकल न्यायची तर परवानगी लागते किंवा ती मिळतच नाही.

आधी शब्दाचं बघू. ग्रॅव्हलला मराठीत सरसकट 'खडी' म्हणतात पण ते तितकंसं बरोबर नाही. खडी म्हणजे फोडलेला दगड, कोनदार, क्रशरमधून आलेला. सह्याद्रीच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर जे असतं तो मुरूम, म्हणजे काळा पाषाण हवा-पाण्याने कुजून, झिजून झालेला भुरकट-तांबूस भुगा आणि बारीक दगड यांचं मिश्रण. आपल्याकडे रस्ता करायची जुनी पद्धत अशी की खाली मोठ्या दगडांचं सोलिंग (पाया), त्यावर खडीचा थर, वरून मुरूम टाकून पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा, याला सरकारी भाषेत खडीकरण म्हणतात आणि पैसे आले की त्यावर डांबरीकरण होतं. सायकलवाल्याला हवा असतो तो या दोन पायऱ्यांमधला रस्ता, खडीकरण झालेला पण डांबर न पडलेला, किंवा डांबर पडून पुन्हा उखडलेला. पार्काच्या डोंगरात साधा बेसॉल्ट (म्हणजे हाच काळा पाषाण) आहेच, शिवाय कान्हेरी लेण्यांच्या बाजूला ज्वालामुखी ब्रेशिया सापडतो, म्हणजे कोनदार तुकडे एकमेकांना चिकटून झालेला खडक. तो झिजला की तुकडे सुटे होऊन वाटेवर येतात आणि चाकाखाली गोट्यांसारखे सरकतात. म्हणून इथल्या वाटांना 'खडीच्या' म्हणण्यापेक्षा 'मुरमाच्या' म्हणणं जास्त योग्य वाटतं.

कच्च्या रस्त्यावर सायकल चालवायच्या या प्रकाराचा उगम कुठला यावर बराच वाद आहे. लोकप्रिय मत असं की तो अमेरिकेच्या मध्यभागातला, तिथल्या शेतांमधून जाणाऱ्या सरळसोट खडीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या, २००५ ची ट्रान्स आयोवा आणि २००६ मध्ये कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात सुरू झालेली २०० मैलांची शर्यत (जी आता अनबाउंड नावाने ओळखली जाते) ही त्यातली नेहमी दिली जाणारी उदाहरणं. दुसरं मत युरोपकडे बोट दाखवतं, इंग्लंडमध्ये १९५५ मध्येच रफ स्टफ फेलोशिप नावाचा क्लब निघाला होता जो मुद्दाम डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून सायकली न्यायचा, इटलीत १९९७ पासून एल'एरोइका ही जुन्या सायकलींची राइड पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर होते, आणि त्याच्याही आधी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टूर द फ्रान्समधले घाटरस्ते कच्चेच होते की. तिसरं मत म्हणजे हा सगळा सायकल कंपन्यांचा धंदा, एक जास्तीची सायकल विकायला काढलेलं नाव. तिन्हीत थोडं थोडं तथ्य आहे. पण नाव आणि शर्यती अमेरिकेच्या, चालवण्याची पद्धत कितीतरी जुनी, असं मानणं जास्त पटतं. जागतिक सायकल संघटनेने या प्रकाराची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप इटलीत व्हेनेतो भागात २०२२ मध्ये घेतली, तेव्हापासून तो अधिकृत झाला म्हणायला हरकत नाही.

या वादात आपल्याकडची काळी सायकल कोणी धरत नाही, खरंतर धरायला हवी. दूधवाले, पोस्टमन, गिरणीतले कामगार ज्या उंच काळ्या सायकली चालवायचे त्यांचा टायर २८ बाय दीड इंचाचा, म्हणजे साधारण ४० मिलीमीटर रुंद, आणि आजच्या ग्रॅव्हल सायकलचा टायर ३५ ते ५० मिलीमीटरच्या मध्ये कुठेतरी, बहुतेकांचा ४० च्याच आसपास. रिंगचा व्यास तेवढा वेगळा, काळ्या सायकलचा ६३५ आणि हिचा ६२२ मिलीमीटर, त्यामुळे एकीचा टायर दुसरीला चढत नाही. बाकी फरक खूप आहेत, तिला एकच गियर आणि सळईचे ब्रेक, हिला डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गियर, तिचा बसणारा ताठ आणि हिचा वाकलेला, पण कच्च्या रस्त्यावर रुंद टायर घालून लांब जायचं ही अक्कल काही कॅन्ससहून आयात झालेली नाही.

टायरमधल्या हवेबद्दल जितके सायकलवाले तितकी मतं. ४० मिलीमीटरचा टायर आणि सत्तर किलोचा माणूस धरला तर मुरमावर साधारण ३० ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते, डांबरावर थोडी जास्त चालते. हवा कमी ठेवली की टायर दगडाभोवती बसतो, उडत नाही आणि मनगटं वाचतात, पण फार कमी केली तर रिंग दगडावर आपटते आणि ट्यूब असेल तर दोन भोकं शेजारी शेजारी पडतात, साप चावल्यासारखी. म्हणून ट्यूबलेस टायर, आत भोक आपोआप बुजवणारं पांढरं सीलंट. बोरीवली हे नाव बोरीच्या झाडांवरून आलं असं म्हणतात, आणि बोरीचा काटा ज्याच्या टायरात घुसलाय त्याला ही व्युत्पत्ती लगेच पटते.

पार्काचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत विभागलेलं. उंची समुद्रसपाटीपासून ३० मीटरपासून सुरू होते, वरचा आकडा काही ठिकाणी ४८० दिलेला असतो पण जांबुळमाळ हे सगळ्यात उंच ठिकाण ४६८ मीटर धरतात, तोच आकडा घ्यावा. स्थापनेचं वर्षही एक नाही. स्वातंत्र्याआधी कृष्णगिरी नावाने जेमतेम २० चौरस किलोमीटरचं उद्यान होतं, १९६९ च्या सुमारास आजूबाजूचं राखीव जंगल त्यात आलं, पुढे बोरीवली नॅशनल पार्क असं नाव पडलं, आणि आताचं नाव बहुतेक ठिकाणी १९८१ चं सांगतात तर काही ठिकाणी १९९६ चं. यात १९८१ हे नामकरणाचं वर्ष असावं. लोक आजही 'नॅशनल पार्क' एवढंच म्हणतात, रिक्षावाल्याला तेवढं पुरतं.

मुख्य वाट बोरीवली पूर्वेला हायवेवरच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत, एका बाजूने सहा-सात किलोमीटर. सुरुवातीचा भाग दहिसर नदीच्या सोबतीने जवळजवळ सपाट, मग गांधी टेकडी आणि सफारीचा परिसर मागे पडला की जंगल दाट होतं आणि शेवटचा तुकडा चांगलाच चढाचा. गेटजवळ भाड्याने सायकली मिळतात, त्यांचे गियर चालतीलच असं नाही, त्यामुळे शेवटच्या चढावर निम्मे लोक सायकल ढकलताना दिसतात. सोमवारी पार्क बंद.

या रस्त्याच्या जुनेपणाबद्दल अभ्यासकांची मतं सारखी नाहीत. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, साधारण इ.स. पहिल्या शतकापासून (काहींच्या मते थोडं आधीपासून) दहाव्या-अकराव्या शतकापर्यंतची, जुन्या लेखांत डोंगराचं नाव कण्हसेल असं येतं, म्हणजे काळा खडक, त्याचंच पुढे कृष्णगिरी आणि कान्हेरी. दानलेखांत कल्याण, सोपारा, चौल इथल्या व्यापाऱ्यांची नावं आहेत, ९० नंबरच्या लेण्यात इ.स. १००९ आणि १०२१ ला येऊन गेलेल्या पारशी मंडळींचे पहलवी (जुन्या फारसी) भाषेतले लेख आहेत, म्हणजे माणसं लांबून येत होती आणि येत होती तर वाटाही होत्या. त्यावरून काहीजण आजचा रस्ता हाच प्राचीन व्यापारी मार्ग असं थेट सांगून टाकतात, ते जरा जास्तच होतं. कल्याणहून येणारा माणूस डोंगराच्या पूर्वेकडून चढला असणार आणि सोपाऱ्याचा उत्तरेकडून, बोरीवलीचं गेट दोघांच्याही वाटेत येत नाही. लेणी जुनी, रस्ता नवा, इतकं म्हणणं सुरक्षित.

खरा मुरूम आहे तो आत. वनखात्याच्या गस्तीचे रस्ते, उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून गवत काढून ठेवलेल्या जाळरेषा, आणि पाड्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा. दुसरा गट तलावांचा, विहार १८६० ला आणि तुळशी १८७९ ला पूर्ण झाला, दोन्ही शहराच्या पाण्यासाठी, त्यामुळे तिथले रस्ते महापालिकेच्या कडक पहाऱ्यात, नकाशावर कान्हेरीकडून तुळशी, विहार करत आरेत उतरणारी रेघ कितीही छान दिसली तरी सायकलवाल्याला ती बंद आहे. शिलोंडासारख्या निसर्गवाटा परवानगी आणि गाईड घेऊन चालायच्या, सायकलच्या नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३५ ने अभयारण्याचे प्रवेशाचे नियम (कलम २७ आणि २८) राष्ट्रीय उद्यानालाही लावलेत, परवानगीशिवाय आत जाणं हाच गुन्हा, मग चाकं दोन असोत की चार. बोरीवलीहून जंगलातून थेट येऊरला निघावं हे मुंबई-ठाण्याच्या प्रत्येक सायकलवाल्याचं स्वप्न असतं, ते वरून जमत नाही आणि खालून मात्र मोटारींसाठी सुमारे १० किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याचं काम निघालंय, यावर काय बोलणार.

म्हणून प्रत्यक्षात ग्रॅव्हल चालतं ते पार्काच्या कडेला. ठाण्याच्या बाजूने उपवन तलावापासून येऊरचा घाट, रस्ता डांबरी पण वर पाटोणपाडा वगैरे पाड्यांच्या आसपास कच्चे तुकडे मिळतात, चेकनाक्यावर वेळ बघूनच सोडतात. हे तुकडे म्हणजे लोकांची रोजची वाट आणि अंगण, वारली आणि कोळी कुटुंबं इथे पार्क व्हायच्या कितीतरी आधीपासून राहतात, तेव्हा पाड्यात घंटी वाजवत वेगाने घुसू नये. दक्षिणेला आरे, दूध वसाहत १९४९ ची, आतले रस्ते पावसाळ्यानंतर आपोआप ग्रॅव्हल होतात, त्याला वेगळं खडीकरण लागत नाही. पार्काला पूर्ण फेरी मारायची तर दहिसर, काशीमिरा, घोडबंदर, ठाणे, मुलुंड, पवई, आरे असे साठेक किलोमीटर होतात, पण ते जवळपास सगळे डांबरी-काँक्रीटचे आणि गायमुखच्या चढावर कंटेनर अगदी कानाला लागून जातो.

मुरूम कधी कसा वागेल हे ऋतूवर आहे. पावसाळ्यात दगडावर आणि सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरतं, तेव्हा महागातला टायरही घसरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुरमात थोडी ओल उरलेली असते, तो घट्ट बसतो, सगळ्यात चांगले दिवस हेच. मार्चनंतर तो सुटतो, वर बारीक खडे आणि खाली टणक जमीन, वळणावर पुढचा ब्रेक दाबला की संपलंच. कारवी हे इथलं झुडूप आठ वर्षांनी फुलतं, २०१६ आणि २०२४ ला फुललं होतं, त्या वर्षी सायकल गेटवर लावून चालत जाणारेच जास्त.

बिबट्या आहेच. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत पार्क आणि लगतच्या भागात ३५ बिबटे टिपले गेले, नंतरच्या मोजण्यांत आकडा वाढलाय. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे वळणावर दोघंही दचकू शकतात, म्हणून उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर कडेच्या वाटांवरही जाऊ नये, एकट्याने तर नाहीच. पाड्यांतले लोक वाघोबाला पुजतात आणि संध्याकाळी घरी असतात.

पार्काचा उत्तरेचा तुकडा, नागला ब्लॉक, घोडबंदर रोडच्या पलीकडे वसई खाडीच्या अंगाला आहे. तिथली वाट रुंद, मातीची, बऱ्यापैकी सपाट आणि शेवटी खाडीशी उतरणारी, म्हणजे सगळ्या पार्कात ग्रॅव्हल या शब्दाला सगळ्यात जवळची, पण तीही परवानगी काढून पायी जायची.