सरकारी खर्चाची पारदर्शकता (माहिती अधिकार अधिनियम, २००५)

सार्वजनिक पैसा कोणत्या कामावर, कोणाच्या सहीने आणि किती खर्च झाला हे नागरिकाला कागदावर पाहता यावे, यासाठी भारतात असलेल्या कायदेशीर व्यवस्थेचा कणा म्हणजे माहिती अधिकार अधिनियम, २००५. संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ नुसार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात आणि त्यांचे अहवाल संसदेपुढे किंवा विधिमंडळापुढे जातात. पण ती तपासणी निवडक प्रकरणांची असते. एखाद्या गावातल्या गटाराचे देयक त्यात क्वचितच येते. माहिती अधिकाराने मात्र ते देयक गटाराशेजारी राहणाऱ्या माणसाला मागता येते.

या कायद्याची मुळे खर्चाच्या हिशेबातच आहेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटना या ग्रामीण मजूर-शेतकऱ्यांच्या संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई, म्हणजे गावापुढची जाहीर सुनावणी, घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि देयके तिथे गावापुढे मोठ्याने वाचली गेली. न केलेल्या कामाची मजुरी आपल्या नावावर उचलली गेल्याचे मजुरांना अशा सुनवायांतून कळत गेले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच चळवळीची. माहितीच्या याच मागणीसाठी १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रात २००० चा दुबळा कायदा बाजूला सारून २००२ चा कायदा आला. त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा मोठा वाटा होता. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

न मागता मिळायला हवी ती माहिती

खर्चाच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित कलम म्हणजे कलम ४. कलम ४(१)(ख) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला, म्हणजे सरकारी कार्यालयाला किंवा संस्थेला, सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते. अकरावी बाब आहे प्रत्येक यंत्रणेला दिलेली तरतूद, योजनांचा तपशील, प्रस्तावित खर्च आणि वाटप केलेल्या रकमांचे अहवाल. बारावी बाब अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, रकमा आणि लाभार्थी यांची आहे. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत हे प्रसिद्ध करून दरवर्षी अद्ययावत करायचे होते. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर जुन्या वर्षांचे तक्ते तसेच पडून असतात, किंवा ‘निरंक’ लिहून रकाना भरलेला असतो. हे कलम नीट पाळले गेले तर खर्चाविषयीचे कितीतरी अर्ज करावेच लागणार नाहीत.

महाराष्ट्रात अर्ज करण्याआधी राज्याच्या अर्थसंकल्प वितरणाची ‘बीम्स’ ही ऑनलाइन प्रणाली, ‘महाटेंडर’ या संकेतस्थळावरील निविदा आणि ग्रामपंचायतींसाठी ‘ई-ग्रामस्वराज’ हे संकेतस्थळ पाहून घ्यावे. कामाचे नेमके नाव, लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्याखाली नोंदतात ते) किंवा मंजूर रक्कम तिथे सापडली की पुढचा अर्ज चार ओळींत होतो.

कोणता कागद मागावा

कायदा कागद मिळवून देतो, स्पष्टीकरण नाही. २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्राधिकरणाने उपलब्ध असलेली माहिती द्यायची. नव्याने तयार करून द्यायची नाही, मतप्रदर्शनही करायचे नाही. म्हणून ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्याच रस्त्याची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापे नोंदवलेली वही) मागितली तर ती द्यावी लागते.

बांधकामाच्या खर्चाचा माग पुढील कागदांतून लागतो: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदेचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, चालू व अंतिम देयके, साहित्याच्या चाचणीचे अहवाल आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. यांत मोजमाप पुस्तिका, म्हणजे बोलीभाषेतली ‘एमबी’, सर्वांत महत्त्वाची, कारण देयकाची रक्कम तिच्यातल्या आकड्यांवरून निघते. तीनशे मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता असेल तर पुस्तिकेत ९० घनमीटर दिसेल. जागेवर जाडी साडेसात सेंटिमीटरच भरली, तर काँक्रीट ६७.५ घनमीटरच पडलेले असते आणि चौथा हिस्सा पैसा न केलेल्या कामाचा ठरतो. लांबी-रुंदी टेपने कोणीही मोजू शकतो. फसवणूक जाडीत दडते. त्यामुळे कलम २(ञ) मधला कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क जरूर वापरावा. अर्जदार कागदांच्या झेरॉक्सवर थांबतात, म्हणून हा हक्क फार कमी वापरला जातो.

ग्रामपंचायतीत कागदांना क्रमांक असतात. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही. ‘ग्रामनिधीचा सगळा हिशेब द्या’ असे लिहिण्याऐवजी ‘अमुक महिन्याच्या नमुना ५ ची प्रत आणि त्यातील खर्चाची प्रमाणके (व्हाउचर)’ असे लिहिले की टाळाटाळीला जागा उरत नाही.

अर्ज आणि मुदती

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे माहिती देण्यासाठी कार्यालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, द्यायचा असतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. २०१२ च्या नियमदुरुस्तीमुळे राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन रस्त्यांसाठी दोन अर्ज करणे सुरक्षित. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. कलम ६(२) ने तो प्रश्न विचारण्यासच मनाई केली आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्याने पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. प्रतीचा दर पानाला २ रुपये. मुदत उलटली तर कलम ७(६) नुसार प्रती मोफत द्याव्या लागतात. शेकडो पानांची नस्ती (फाइल) असेल तर आधी अवलोकन, म्हणजे ती तिथेच पाहण्याची संधी, मागावे, हवी ती पाने निवडावीत आणि तेवढ्याच प्रती घ्याव्यात. त्याने पैसे वाचतात, शिवाय नस्तीत काय नाही हेही कळते. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा व स्थानिक पातळीवरील कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात.

उत्तर न आले किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत प्रथम अपील (जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प), त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. आयोग दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड करू शकतो. प्रथम अपिलाच्या निकालासाठी ३० ते ४५ दिवसांची मर्यादा आहे, द्वितीय अपिलाच्या निकालासाठी कायद्यात मर्यादाच नाही, आणि सगळी गाडी तिथेच अडते. निकाल लागेपर्यंत ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, संपलेला असू शकतो. खर्चाचा अर्ज काम चालू असताना, निदान अंतिम देयक निघण्याआधी करावा तो यासाठी.

नकाराची नेहमीची कारणे

‘नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर कायद्याच्या कोणत्याही अपवादात बसत नाही. अशा वेळी अपिलात शोध घेण्याची, जबाबदारी निश्चित करण्याची आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली कारवाईची मागणी करावी. ‘माहिती मोठ्या प्रमाणावर आहे’ हे कारण कलम ७(९) च्या नावाने दिले जाते. पण ते कलम माहितीचे स्वरूप बदलण्याची मुभा देते, माहिती नाकारण्याची नाही. ठेकेदाराच्या व्यापारी गुपिताचा आधार (कलम ८(१)(घ)) निविदा चालू असताना समजण्यासारखा आहे, काम देऊन देयक अदा केल्यावर मात्र त्यात दम राहत नाही. त्रयस्थ पक्षाला (इथे ठेकेदाराला) कलम ११ खाली नोटीस दिली तर त्याला म्हणणे मांडायला दहा दिवस मिळतात. त्याची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो.

सध्या सर्वांत मोठी अडचण कलम ८(१)(ञ) ची आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती तेव्हाच नाकारता येत असे, जेव्हा तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसे किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी आक्रमण होत असे. व्यापक लोकहित असेल तर तीही द्यावी लागे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि या अटी त्या कलमातून गेल्या. आता नुसती ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच अपवाद उरला. घरकुलाचे लाभार्थी, हजेरीपटावरील मजूर, देयकावर सही करणारा अभियंता ही सगळी माणसांची नावेच आहेत आणि नाव काढले की बनावट लाभार्थी ओळखता येत नाही. मात्र अनुदानाचे लाभार्थी स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगणारी कलम ४ मधली बारावी बाब तशीच आहे, आणि लोकहित जास्त असेल तर माहिती देता येईल असे सांगणारे कलम ८(२) सुद्धा. त्यामुळे लाभार्थी यादी किंवा हजेरीपट मागणाऱ्या अर्जात आणि अपिलात ही दोन्ही कलमे नावानिशी लिहून, गैरव्यवहाराचा संशय नेमका कशावरून आहे ते एका वाक्यात नोंदवणे आता आवश्यक झाले आहे.