ओव्हन २२० वर, बटाटा मात्र शंभरावर

‘सगळं एका ट्रेमध्ये टाका, ओव्हनमध्ये सरकवा आणि पाऊण तासानं जेवायला बसा.’ एकाच ट्रेमधल्या रोस्ट चिकनची ही जाहिरात सध्या सगळीकडे दिसते. पदार्थ खरंच सोपा आहे. पण सांगितल्याबरहुकूम करूनही बऱ्याचदा हाती येते ती फिकट कातडीची कोंबडी, गिळगिळीत कांदा आणि पांढरेफटक, ओलसर बटाटे. ओव्हनचा काटा २२० अंश सेल्सिअसवर असूनही. मग पुढच्या वेळी काटा २५० वर जातो, कडा जळतात आणि मधला ढीग होता तसाच उकडलेला राहतो. कारण पाणी.

कच्च्या कोंबडीत साधारण दोनतृतीयांश पाणी असतं. बटाट्यात ते सुमारे ८० टक्के, गाजर-कांद्यात ८८-८९, ढोबळी मिरचीत ९२ आणि टोमॅटो-झुकिनीत ९४-९५ टक्के. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभराच्या वर जात नाही, कारण आत येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. सुरुवातीची बरीच मिनिटं तर तो शंभराच्याही बराच खाली असतो. ओव्हनमधली हवा कोरडी असते, बाष्पीभवन वेगानं होतं आणि घामानं अंग थंड राहतं तसा तुकडा स्वतःला थंड ठेवतो. भाजल्याचा रंग आणि वास मात्र त्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला झपाट्यानं तयार होतात. म्हणजे आधी पाणी जायला हवं.

किती पाणी, याचा ढोबळ हिशेब करता येतो. चार-पाच जणांसाठी हाडासकट, कातडीसकट सव्वा किलो कोंबडी आणि एक किलो भाज्या धरा. हा सगळा ऐवज १० अंशांवरून सरासरी ८५ अंशांपर्यंत न्यायला साधारण ६०० किलोज्यूल लागतात. आता त्यातून अर्धा लिटर पाणी वाफ होऊन गेलं असं समजू. एक किलो पाण्याची वाफ करायला २,२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे अर्ध्या लिटरला ११३० किलोज्यूल. शिजवायला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा नुसतं वाळवण्यात जाते! पाऊण तासात ही दोन्ही कामं उरकायची तर सतत ६०० वॅटपेक्षा जास्त उष्णता थेट अन्नात शिरली पाहिजे. ओव्हनवर दोन हजार वॅट लिहिलेलं असलं तरी त्यातला मोठा वाटा भिंती तापवण्यात आणि गळतीत जातो.

ही उष्णता अन्नात शिरते ती पृष्ठभागातून. काही गरम हवेतून, काही तापलेल्या भिंतींच्या प्रारणातून, काही ट्रेच्या तळातून. तिन्ही वाटांचा हिशेब क्षेत्रफळावर चालतो. घालवायचं पाणी मात्र ऐवजाच्या वजनावर ठरतं. म्हणून पाण्याचं आकारमान भागिले ट्रेचं क्षेत्रफळ एवढा एकच भागाकार करून पाहा. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेचं क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर. अर्धा लिटर पाणी त्यावर पसरलं तर जेमतेम चार मिलिमीटरचा थर होतो. तोच ऐवज २५ बाय २५ च्या भांड्यात कोंबला तर थर आठ मिलिमीटरचा. चार मिलिमीटर उडायला पाऊण तास लागत असेल, तर आठला दीड तास. तेवढ्यात कोंबडीचा भुसा झालेला असतो. तापमान वाढवून ही तूट भरून निघत नाही, कारण जास्तीची उष्णता वरच्या, आधीच सुकलेल्या टोकांना मिळते. खालच्या तुकड्यांभोवती वाफच कोंडलेली असते.

त्यामुळे या पाककृतीतलं सगळ्यात महत्त्वाचं माप ट्रेचं आहे. सगळे तुकडे एका थरात बसावेत आणि मधूनमधून ट्रेचा तळ दिसावा. तसं होत नसेल तर दोन ट्रे घ्या आणि अर्ध्या वेळेनं त्यांच्या जागा बदला. कड दोन ते चार सेंटिमीटर पुरे. उंच काठाच्या भांड्यात दमट हवा तळाशी साचून राहते. ओव्हनला पंखा असेल तर तो लावा. अन्नाला चिकटून बसलेला दमट हवेचा थर तो उडवून लावतो, म्हणून पंखा चालू असताना काटा सुमारे २० अंश खाली ठेवतात. एअर फ्रायर नावाच्या चमत्काराचं रहस्यही हेच आहे: छोट्या पोकळीतला, जोरदार पंख्याचा ओव्हन. ‘तेलाविना तळणं’ वगैरे जाहिरातीपुरतं. त्यात तळणं नाही, भाजणंच आहे, आणि टोपली गच्च भरली की तिथेही भाज्या उकडतातच.

पृष्ठभाग सुकल्यावर काय होतं ते पाहू. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यानं १९१२ मध्ये अमिनो आम्लं आणि शर्करा एकत्र तापवल्यावर येणाऱ्या तपकिरी रंगाचं वर्णन केलं. १९५३ मध्ये जॉन हॉज या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं त्याच्या पायऱ्यांची संगती लावली. शर्करेचा कार्बोनिल गट अमिनो गटाशी जोडला जातो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. तयार झालेल्या जोडसंयुगाची (त्याला शिफ बेस म्हणतात) पुनर्रचना होऊन अमाडोरी नावाचं संयुग बनतं. ते पुढे अनेक वाटांनी फुटतं: कुठे फ्युरान, कुठे पायराझिन ही वासाची संयुगं, तर शेवटी मेलॅनॉइडिन हे तपकिरी रंगाचे मोठे रेणू. पहिल्याच पायरीत पाणी बाहेर पडतं, म्हणून भोवती पाण्याची रेलचेल असेल तर ती पायरीच अडखळते. ‘१४० अंशांना मायार अभिक्रिया सुरू होते’ असं सर्रास लिहिलेलं असतं, ते काही खरं नाही. ती कमी तापमानालाही चालते, फक्त फार सावकाश. पाऊण तासाच्या जेवणात तिचा वेग जाणवायला साधारण तेवढी उष्णता लागते, इतकंच.

अमिनो गटावर प्रोटॉन बसलेला असला तर तो अभिक्रियेत भाग घेत नाही. माध्यम थोडं अल्कधर्मी झालं की तो मोकळा होतो आणि रंग लवकर येतो. कातडीला मिठाबरोबर चिमूटभर बेकिंग पावडर चोळण्याची युक्ती यामुळेच चालते. उलट लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आधीच ओतलं तर दुहेरी नुकसान होतं, आम्लही वाढतं आणि पाणीही. लिंबू शेवटी पिळावं.

बटाट्याच्या बाबतीत एक सावधगिरी. त्यातलं ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा यांच्यापासून १२० अंशांच्या वर ॲक्रिलामाइड तयार होतं. अन्नातलं त्याचं अस्तित्व स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर थंडीनं त्यांच्यातल्या स्टार्चची शर्करा होते, ते लवकर काळपट पडतात आणि हे रसायनही जास्त बनतं. म्हणून भाजायचे बटाटे फ्रिजबाहेर, अंधाऱ्या जागी ठेवावेत आणि सोनेरी रंगावर थांबावं. त्यापुढे घाबरून भाजणंच सोडायचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष कृती. कोंबडीला आदल्या रात्री मीठ लावा: वजनाच्या एक टक्का, म्हणजे सव्वा किलोला १२ ग्रॅम, सपाट दोन टीस्पून बारीक मीठ. सुरुवातीला मीठ पाणी बाहेर ओढतं, तासा-दीड तासानं ते खारं पाणी परत मांसात मुरतं आणि तिथल्या मायोसिन प्रथिनाची वीण सैल करतं, त्यामुळे शिजताना पाणी कमी गळतं. अर्धवट वेळेला, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांनी, ट्रेमध्ये टाकलं तर कोंबडी नेमकी सगळ्यात ओली असते. रात्रभर वेळ नसेल तर मीठ अगदी भाजण्याच्या क्षणी लावा. तुकडे फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, न झाकता, कातडी वर करून ठेवा. कातडी कागदासारखी कोरडी होते. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. जंतू धुतले जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. कागदी रुमालानं टिपून घ्या.

ओव्हन २२० अंशांवर तापवताना रिकामा धातूचा ट्रे आतच ठेवा. अर्धा किलो बटाटे तीन सेंटिमीटरच्या फोडी करून, तीनशे ग्रॅम गाजर दीड सेंटिमीटरच्या चकत्या करून, पुसून घ्या. दोन टेबलस्पून तेल आणि मीठ चोळून तापल्या ट्रेवर कापलेली बाजू खाली करून मांडा. तेल इथे चवीपुरतं नसतं. फोड आणि तळ यांच्यामधली हवेची फट ते भरून काढतं, आणि हवेपेक्षा तेलातून उष्णता कितीतरी चांगली वाहते. पंधरा मिनिटांनी फोडी उलटून मधे जागा करा आणि कोंबडीच्या मांड्या-तंगड्या कातडी वर करून थेट ट्रेवर ठेवा, भाज्यांच्या डोक्यावर नको. वर ठेवली की तिचा रस खाली गळून भाज्या त्यात उकडतात. दोन कांद्यांच्या जाड फोडी आणि न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या तुकड्यांच्या आजूबाजूला बसवा. सोललेला लसूण जळून कडू होतो. आणखी पस्तीस-चाळीस मिनिटं. ढोबळी मिरची, टोमॅटो असलं पाणीदार काही घालायचं तर शेवटच्या पंधरा मिनिटांत, कडेला.

भाज्या आधी का, याचं उत्तर तापमानात आहे. कोंबडी ७४ अंशांना खाण्याजोगी होते. गाजराच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन मात्र ८५ अंशांच्या आसपास पोहोचल्याशिवाय नीट सुटत नाही. म्हणजे गाजराला मांसापेक्षा जास्त तापावं लागतं. जाडीचंही गणित आहे: नुसत्या वहनाचा, म्हणजे फोडीच्या आतून सरकणाऱ्या उष्णतेचा, विचार केला तर जाडी दुप्पट झाल्यावर गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला चौपट वेळ लागतो. ओव्हनमधली हवा मुळातच उष्णता सावकाश देते, म्हणून प्रत्यक्षात तो आकडा दुप्पट आणि चौपट यांच्यामध्ये कुठेतरी पडतो. तरीही ‘अंदाजे सारख्या’ फोडींमधली एखादी दुप्पट जाड असेल तर ती कच्चीच राहणार.

मांड्या सुचवल्या आहेत त्या मुद्दाम. मांसातलं मायोसिन ५० अंशांपासून गोठू लागतं. ६५-७० च्या पुढे ॲक्टिन हे दुसरं प्रथिनही आकसतं आणि पाणी पिळून बाहेर काढतं. छातीच्या मांसाची मजा तिथेच संपते. मांडीत कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. ७० च्या वर ते हळूहळू वितळून जिलेटिन होतं, म्हणून मांडी ८०-८५ अंशांना उलट जास्त मऊ लागते. भाज्यांच्या वेळापत्रकाशी तिचं जमतं. छातीचे तुकडे घ्यायचेच असतील तर ते ट्रेच्या मधोमध ठेवा आणि वीस मिनिटांनंतर तापमान पाहायला लागा. थर्मामीटरचं टोक सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचं. छातीला ७४, मांडीला ८० च्या वर. रंगावर भरवसा ठेवू नका. कोवळ्या कोंबडीचं मांस हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही गुलाबी दिसू शकतं, आणि कधी पांढरं दिसणारं मांस पुरेसं तापलेलं नसतं.

‘आधी तव्यावर परतून घ्या, म्हणजे रस आत बंद होतो’ हा सल्ला तर दीडशे वर्षांहून जुना आहे. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८४७ मध्ये मांडलेली ही कल्पना केव्हाच खोटी ठरली. परतलेल्या तुकड्यातून चर्र आवाज येत राहतो, तो आतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच. परतल्यानं चव येते, झाकण बसत नाही. ॲल्युमिनियम फॉइलची चकचकीत बाजू आत की बाहेर, हाही असाच वाद. लाटताना शेवटच्या फेरीत दोन पातळ पत्रे एकत्र जातात, रुळाला टेकलेली बाजू चकाकते. स्वयंपाकाला त्यानं काही फरक पडत नाही.

गोठवलेल्या भाज्या या पदार्थाला नकोतच. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटलेल्या असतात, सगळं पाणी एकदम सुटतं. गोठवलेली कोंबडी चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून तिच्यातला बर्फ पूर्ण वितळू द्या. पंचविसाव्या मिनिटाला ट्रेमध्ये डबकं दिसलं तर ते चमच्यानं वाटीत काढून घ्या, फेकू नका. काच तापायला वेळ घेते, म्हणून काचेच्या भांड्यात तळ उशिरा खरपूस होतो. शिवाय तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं तर ती तडकते.

कोंबडी बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटं उघडीच ठेवा. फॉइलनं झाकली तर वाफ कातडीत मुरून तिचा कुरकुरीतपणा जातो. तेवढ्यात धातूच्या गरम ट्रेमध्ये अर्धी वाटी उकळतं पाणी ओतून तळाला चिकटलेलं खरवडा, वाटीतला रस त्यात मिसळून दोन मिनिटं आटवा आणि बटाट्यांवर घाला, कातडीवर नको. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या दिवशी ते मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर आतलं पाणी कातडीत येतं आणि ती चामड्यासारखी होते. त्याऐवजी २०० अंशांवर, न झाकता, पंधरा मिनिटं ठेवा आणि मध्यभागी पुन्हा ७४ अंश झालेत का ते पाहा.