लॅपटॉप प्रोसेसरची जुनी-नवी तुलना: बेंचमार्क आणि ओव्हरक्लॉकिंग

लॅपटॉप प्रोसेसरची तुलना म्हणजे वेगवेगळ्या वर्षांत आलेल्या चिपना एकच ठरलेलं काम द्यायचं आणि कोण किती वेळात उरकतं ते मोजायचं. या ठरलेल्या कामाला बेंचमार्क म्हणतात. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने नेमून दिलेल्या क्लॉकपेक्षा, म्हणजे चिपच्या ठोक्यांच्या वेगापेक्षा, जास्त वेगाने चिप पळवणं. दोन्ही प्रकार मुळात डेस्कटॉपवाल्यांचे, पण लॅपटॉपमध्ये आले की दोन्हींचा हिशोब बदलतो, कारण इथे चिप किती वेगवान आहे यापेक्षा त्या पातळ डब्यातून उष्णता किती बाहेर पडते हे जास्त वेळा निकाल ठरवतं.

एक जोडी घेऊ म्हणजे मुद्दा कळेल. इंटेलचा कोअर आय७-२६३०क्यूएम जानेवारी २०११ मध्ये आला, ४ कोअर ८ थ्रेड (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्र काम करणारा भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी चालवता येणारी कामं), बेस क्लॉक म्हणजे नेहमीचा वेग २.० गिगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे थोड्या वेळापुरता वरचा वेग २.९, आणि पॉवर ४५ वॅट. त्याच्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये आलेला कोअर आय५-८२५०यू, तोही ४ कोअर ८ थ्रेड, पण बेस क्लॉक फक्त १.६ आणि टर्बो ३.४, पॉवर १५ वॅट. नुसता बेस क्लॉक बघितला तर नवा मागे वाटतो, नावात आय७ऐवजी आय५ आहे म्हणूनही मागे वाटतो, आणि प्रत्यक्षात सिनेबेंच हा बेंचमार्क लावला की एक तृतीयांश पॉवरमध्ये तो जुन्याच्या बरोबरीला येतो, बहुतेक लॅपटॉपमध्ये पुढेच जातो. कारणं दोन. एक तर चिप बनवण्याचं तंत्र ३२ नॅनोमीटरवरून १४ वर आल्यामुळे तेवढंच काम कमी व्होल्टेजवर होतं, आणि दुसरं म्हणजे दर क्लॉकला होणारं काम, ज्याला आयपीसी म्हणतात, ते दर पिढीत थोडं थोडं वाढत गेलं. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशेजारी ठेवण्याला फारसा अर्थ नाही. ॲपलचा एम१ नोव्हेंबर २०२० मध्ये आला, ३.२ गिगाहर्ट्झवर चालणारा, मॅकबुक एअरमध्ये तर पंखासुद्धा नाही, आणि तरी गीकबेंच या बेंचमार्कच्या सिंगल कोअर, म्हणजे एकाच कोअरच्या, चाचणीत त्याने ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणाऱ्या कोअर आय९-१०९८०एचकेला मागे टाकलं. गिगाहर्ट्झवरून भांडणाऱ्यांची तोंडं तेव्हा बरीच बंद झाली.

बेंचमार्क

हा प्रकार लॅपटॉपपेक्षा जुना आहे. व्हेटस्टोन १९७० च्या दशकातला, त्यानंतर १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांचं ड्राइस्टोन आलं, आणि ते इतकं छोटं होतं की कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, बनवणारे त्यातलं निरर्थक काम ओळखून चक्क गाळून टाकायचे, मग स्कोअर फुगायचा आणि मशीन आहे तिथेच राहायचं. त्यावर उतारा म्हणून १९८८ मध्ये स्पेक ही संस्था निघाली, तिने खऱ्या प्रोग्रॅमचे संच वापरायला सुरुवात केली, आणि आजही अभ्यासक तिच्या स्पेक सीपीयू २०१७ या संचाचाच आधार घेतात. पण ते विकत घ्यावं लागतं, कंपाइल करावं लागतं, तास तास चालतं, त्यामुळे घरी बसून तुलना करणारी मंडळी सिनेबेंच, गीकबेंच आणि पासमार्क यांच्यावरच भागवतात.

सिनेबेंच मॅक्सन कंपनीचं. त्यात एक थ्रीडी चित्र रेंडर होतं, म्हणजे चिप ते हिशोब करून रंगवते, पडद्यावर छोटे छोटे चौकोन भरत जातात आणि शेवटी आकडा येतो. आर१५ २०१३ चं, आर२० २०१९ चं, आर२३ २०२० चं आणि सिनेबेंच २०२४ सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. यांचे स्कोअर एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, आर२३ मध्ये हजारांत येणारा आकडा २०२४ मध्ये शेकड्यांत येतो, आणि तरी लोक जुन्या लॅपटॉपचा आर१५ आणि नव्याचा आर२३ शेजारी ठेवून "बापरे किती फरक" म्हणतात. गीकबेंचमध्येही हेच. गीकबेंच ५ मध्ये १००० म्हणजे डेस्कटॉपचा कोअर आय३-८१००, आणि गीकबेंच ६ मध्ये २५०० म्हणजे कोअर आय७-१२७००, पट्टीच वेगळी. शिवाय ६ मध्ये मल्टी कोअरची पद्धत बदलली. आधी प्रत्येक कोअरला आपापलं सुटं काम मिळायचं, आता सगळ्यांनी मिळून एकच काम करायचं, त्यामुळे खूप कोअर असलेल्या चिपना पूर्वीसारखा सरळ फायदा दिसत नाही.

तुलना करताना सिंगल कोअर आणि मल्टी कोअर हे दोन स्कोअर वेगळेच बघायचे. ब्राउझर उघडणं, मेन्यू पटकन येणं, साधी एक्सेल शीट, यात सिंगल कोअर जाणवतो. व्हिडिओ एक्स्पोर्ट, कोड कंपाइल, झिप करणं यात मल्टी. जुना चार कोअरवाला ४५ वॅटचा लॅपटॉप मल्टीमध्ये नव्या स्वस्त दोन कोअरवाल्याशी टक्कर देतो, पण वापरताना नवाच चपळ वाटतो, आणि त्यातही निम्मं श्रेय बऱ्याचदा एसएसडीचं असतं, प्रोसेसरचं नाही. जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर सिनेबेंचचा आकडा जागचा हलणार नाही पण मशीन मात्र वेगळंच वाटेल.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक धरतात. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या, त्यावरच्या पॅचमुळे वेग कमी झाला, आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सांगितलं होतं की हॅसवेल (इंटेलची २०१३ ची पिढी) किंवा त्याआधीच्या चिपवर फरक जास्त जाणवेल. म्हणजे २०१३ च्या लॅपटॉपचा २०१४ मधला स्कोअर आणि त्याच लॅपटॉपचा आजचा, हे दोन सारखे येतीलच असं नाही.

वॅट, उष्णता आणि अठ्ठावीस सेकंद

खरी मेख इथे आहे. इंटेलच्या लॅपटॉप चिपला दोन पॉवर मर्यादा असतात, पीएल१ म्हणजे कायमची आणि पीएल२ म्हणजे थोड्या वेळापुरती, आणि तो थोडा वेळ, ज्याला टाऊ म्हणतात, बऱ्याच मशीनवर २८ सेकंदांचा असतो. ८२५०यूवाला लॅपटॉप घ्या, एका बाजूला एचडब्ल्यूइन्फो हे क्लॉक, वॅट आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि सिनेबेंच सुरू करा. पहिले काही सेकंद सगळे कोअर ३.४ च्या आसपास, वॅट चाळिशीकडे, तापमान झरझर नव्वदीपार, पंखा अजून वेग घेतोय तोवर. मग टाऊ संपतो, वॅट एकदम पंधरावर येतात आणि क्लॉक अडीचच्या आसपास घसरतो, आणि पुढे कितीही वेळ चालवा तिथेच. आर१५ सारखं छोटं टेस्ट या पहिल्या धावेतच बरंच उरकतं म्हणून स्कोअर मस्त दिसतो. आर२३ मध्ये मुळातच दहा मिनिटं चालवायची सोय दिली ती यासाठीच. गीकबेंच तर मध्ये मध्ये थांबतं, त्यामुळे पातळ लॅपटॉप त्यात नेहमी जरा जास्तच देखणे दिसतात.

वर पुन्हा पीएल१ किती ठेवायचा हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. त्याच नावाची चिप एका मशीनमध्ये १५ वॅटवर, दुसऱ्यात २५ वर, आणि दोघांचे स्कोअर पाहिले तर वाटावं वेगळ्या पिढीतले आहेत. चार्जर काढला की आणखी कमी. म्हणून नुसत्या चिपच्या नावाने स्कोअर सांगणं लॅपटॉपमध्ये अर्धवट आहे, मशीनचं मॉडेल, पॉवर मोड, चार्जर लावलेला की नाही आणि कितव्या फेरीचा स्कोअर हे सोबत हवंच. माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीचा आकडा सरळ फेकून द्यावा आणि पाचव्या-सहाव्याचा धरावा.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१८ चं मॅकबुक प्रो. त्यात सहा कोअरचा आय९-८९५०एचके होता, आणि सुरुवातीला जोराचं काम दिलं की क्लॉक बेसच्याही खाली जायचा. ॲपलने जुलै २०१८ मध्ये अपडेट दिलं आणि फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक डिजिटल की राहून गेल्याचं कारण सांगितलं.

ओव्हरक्लॉकिंग

इंटेलच्या जुन्या कोअर २ चिपच्या काळात लॅपटॉपवर सेटएफएसबी नावाचं सॉफ्टवेअर चालायचं, बोर्डवरची क्लॉक जनरेटर चिप कुठली ते शोधायचं, यादीत असली तर बस स्पीड थोडा थोडा वाढवत न्यायचा, मशीन गोठलं की रीस्टार्ट. २०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली आणि ते संपलं, कारण एकाच १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकवर (हा सगळ्या मशीनचा मूळ ठोका, वरचा चिपचा नेहमीचा वेग नव्हे) सगळंच बांधलं गेलं, तो दोन-चार टक्क्यांपलीकडे नेला की बाकीचं सगळं गंडतं. तेव्हापासून उरला मल्टिप्लायर, म्हणजे या १०० ला किती पटीने गुणायचं तो आकडा, आणि तो बहुतेक चिपमध्ये लॉक असतो. उघडे मिळायचे ते महागडे एक्स्ट्रीम, २००९ चा आय७-९२०एक्सएम, मग २९२०एक्सएम, ३९२०एक्सएम, ४९३०एमएक्स. मधल्या वरच्या फळीतल्या काही क्वाड कोअरना, उदाहरणार्थ ३७२०क्यूएमला, टर्बोच्या वर ४०० मेगाहर्ट्झपर्यंत मुभा होती आणि थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमधून ती घेता यायची. २०१५ पासून ६८२०एचके, ७८२०एचके अशी एचके मालिका आली आणि २०२२ पासून एचएक्स. आसूसने तर ६८२०एचकेला घेऊन जीएक्स७०० काढला होता ज्याच्या मागे पाण्याने थंड करणारा भलामोठा डॉक लागायचा. लॅपटॉप म्हणायचं का त्याला, हा प्रश्नच आहे.

जुनी चिप ओव्हरक्लॉक करून नवीची बरोबरी होते का? थोडीफार होते पण महाग पडते. चिप जी पॉवर खाते ती साधारण क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबाने वाढते. समजा ३.० गिगाहर्ट्झ १.०५ व्होल्टवर चालतोय आणि ३.६ साठी १.२० लागतात. क्लॉक वाढला २० टक्के, पॉवर वाढली जवळपास ५७ टक्के. ४५ वॅटची चिप सत्तरीत गेली, आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग, तर ४५ चाच आहे. शंभर डिग्रीला चिप स्वतःच क्लॉक पाडते, मग मिळवलेले २० टक्के दोन मिनिटांत परत. सिंगल कोअरला फायदा टिकतो, कारण एकच कोअर तापतो, पण मल्टीमध्ये बऱ्याचदा स्कोअर उलटा खाली येतो आणि माणूस चक्रावतो.

म्हणून लॅपटॉपवर जाणकार लोक उलट्या दिशेने जातात, अंडरव्होल्ट. क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज ५०, ८०, कधी १०० मिलिव्होल्ट कमी करायचं, चिप थंड राहते, त्याच वॅटमध्ये क्लॉक जास्त टिकतो आणि स्कोअर वाढतो. क्रॅश झालं तर दहाने मागे यायचं. सुकलेली थर्मल पेस्ट बदलणं आणि पंख्यातली धूळ काढणं हेही यातच धरा, पाच वर्षं न उघडलेल्या मशीनला ओव्हरक्लॉकपेक्षा हेच जास्त लागू पडतं. पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावायचं तर मात्र जपून, त्यात गॅलियम असतं आणि ते ॲल्युमिनियम खातं. अंडरव्होल्टचीही मजा डिसेंबर २०१९ मध्ये बिघडली. प्लंडरव्होल्ट हा हल्ला जाहीर झाला, व्होल्टेजशी खेळून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली माहिती काढता येते असं त्यात दिसलं, आणि कंपन्यांनी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून अंडरव्होल्टच बंद केलं. पुढच्या पिढ्यांच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते पहिल्यापासूनच बंद येतं. एएमडीच्या रायझनमध्ये मल्टिप्लायर बहुतेक ठिकाणी लॉकच, तिथे लोक रायझनॲडज या सॉफ्टवेअरने वॅटची मर्यादा वरखाली करतात.

नावांचा घोळ

नवं नाव म्हणजे नवी चिप असं नाही. इंटेलच्या दहाव्या पिढीत आय७-१०५१०यू हा १४ नॅनोमीटरचा जुना साचा आणि आय७-१०६५जी७ हा १० नॅनोमीटरचा नवा, दोघेही दहावी पिढीच. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू २०२२ मध्ये आला पण आत झेन २ या जुन्या पिढीचे कोअर, म्हणजे २०२० च्या लॅपटॉपमधले. त्या नावातला तिसरा अंक कोअरची पिढी सांगतो, ७५२० मधला २ म्हणजे झेन २, पण हे बॉक्सवर कोण वाचतं.

आणि कधी कधी तर स्कोअरला कुणी विचारतच नाही. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, ते कुठल्या चिपवर चालेल याची यादी ठरली आणि इंटेलच्या बाबतीत रेघ साधारण आठव्या पिढीवर ओढली गेली. त्या यादीत सहा वॅटचा दोन कोअरचा सेलेरॉन एन४००० बसतो, आणि चार कोअर, उघडा मल्टिप्लायर, ओव्हरक्लॉकसाठीच बनवलेला आय७-७८२०एचके बाहेर राहतो.