‘दायसेल्फ’ची पार्श्वभूमी : प्रार्थनेत उरलेलं एक आत्मवाचक सर्वनाम

जुन्या इंग्रजी प्रार्थनेत किंवा कवितेत ‘दायसेल्फ’ (thyself, म्हणजे ‘तू स्वतः’, ‘स्वतःला’) आला की तो भारदस्त वाटतो. हा भारदस्तपणा त्याला फार उशिरा चिकटला. ‘दायसेल्फ’ हा ‘दाऊ’च्या कुळातला शब्द, आणि ‘दाऊ’ म्हणजे सरळसरळ आपला ‘तू’. घरातल्या माणसाला, मित्राला, नोकराला, भांडणात समोरच्याला आणि देवालाही म्हणायचा.

नॉर्मन स्वारीच्या (१०६६) आधीच्या इंग्रजीत ‘स्वतःला’ या अर्थाचं वेगळं सर्वनामच नव्हतं. ‘तुला’ या अर्थाचं साधं सर्वनाम तेही काम भागवायचं आणि ‘सेल्फ’ हा फक्त जोर देण्यासाठी मागे लागायचा. ही रीत १६११ च्या इंग्रजी बायबलातही (‘किंग जेम्स’ भाषांतरात) सापडते. यशयाच्या पहिल्या अध्यायात ‘वॉश यू, मेक यू क्लीन’ असं आहे. तिथे आज ‘युअरसेल्व्ह्ज’ लागेल. ‘गेट दी बिहाइंड मी’ मधला ‘दी’ (‘दाऊ’चं ‘तुला’ हे रूप) त्याच जातीचा.

‘दी’ला ‘सेल्फ’ जोडला तर ‘दीसेल्फ’ व्हायला हवं, आणि आरंभी तसंच होतं. पुढे बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास पहिला स्वर घसरला आणि लोकांना त्यात ‘दाय’ म्हणजे ‘तुझा’ ऐकू येऊ लागला. मला हेच स्पष्टीकरण सर्वांत पटतं. ‘हरसेल्फ’मधला ‘हर’ ‘तिला’ आणि ‘तिचा’ असा दोन्हीकडे चालतो, त्याचाही हातभार लागला असणार. एकदा ‘तुझा’ ऐकू आल्यावर ‘सेल्फ’ हे नाम ठरलं आणि मध्ये विशेषण घालायची सोय झाली : ‘दाय स्वीट सेल्फ’, ‘दाइन ओन सेल्फ’. १६११ च्या छपाईतही ‘दाय’ आणि ‘सेल्फ’ सुटे छापलेले आहेत. ‘हिमसेल्फ’ मात्र द्वितीयेतच अडकून राहिला, म्हणून आजच्या इंग्रजीत या शब्दांची अर्धी रांग एका विभक्तीची आणि अर्धी दुसरीची आहे. यॉर्कशरच्या बोलीत ‘दायसेल्फ’चा ‘दिसेन’ झाला.

अनेकवचनी ‘युअरसेल्व्ह्ज’ सोळाव्या शतकात रुळला. त्याआधी अनेकांनाही ‘युअरसेल्फ’च म्हणत. पुढे ‘यू’ एकाला आणि अनेकांना सारखाच लागू झाला, आणि प्रमाण इंग्रजीच्या द्वितीय पुरुषात वचनभेद टिकला तो फक्त ‘युअरसेल्फ’ आणि ‘युअरसेल्व्ह्ज’ या जोडीत.

‘दाऊ’ मागे पडला तो मानापानामुळे. तेराव्या शतकापासून फ्रेंच वळणाने वरिष्ठाला अनेकवचनी ‘यू’ म्हणायची चाल पडली आणि हळूहळू एकेरी हाक हा अपमान ठरू लागला. १६०३ सालच्या एका राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकिलाने आरोपीला मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवलं होतं. त्याच शतकात एका पंथाने, देवापुढे सगळे सारखे म्हणून, न्यायाधीशापासून उमरावापर्यंत सर्वांना ‘दाऊ’ म्हणायचा हट्ट धरला आणि त्यापायी मार खाल्ला. शतक संपताना शिष्टांच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ गेला होता. गावाकडच्या बोली सोडल्या तर उरली प्रार्थना आणि कविता.

खरा वाद विसाव्या शतकातला. १८७० साली इंग्लंडमध्ये बायबलाची सुधारणा हाती घेतली तेव्हा बदल जुन्या आवृत्त्यांच्याच भाषेत करायचे असा नियम होता, त्यामुळे १८८१ आणि १८८५ मध्ये निघालेल्या भागांत ‘दायसेल्फ’ सुखरूप राहिला. १९०१ च्या अमेरिकन आवृत्तीतही तो आहे. त्यानंतरच्या अमेरिकन समितीने (नवा करार १९४६, संपूर्ण बायबल १९५२) मधला मार्ग काढला : माणसांना ‘यू’, देवाला ‘दाऊ’.

वरवर हे समजूतदारपणाचं दिसतं. पण मूळ हिब्रूत आणि ग्रीकमध्ये असा भेद मुळीच नाही. तिथे देव, राजा, गुलाम, सैतान सगळ्यांना एकच एकवचन. १६११ च्या भाषांतराने हे इमानाने पाळलं होतं. निर्गम या पुस्तकात मोशे देवाला त्याने स्वतःच्याच नावाने वाहिलेल्या शपथेची आठवण देतो, तिथे ‘दाइन ओन सेल्फ’. सैतान येशूला मंदिरावरून उडी टाकायला सांगतो, तिथे ‘दायसेल्फ’. वधस्तंभाखालून जाणारे ‘स्वतःला वाचव’ म्हणून टोमणा मारतात, तिथेही ‘दायसेल्फ’. १९५२ मध्ये मोशेचा शब्द राहिला, सैतानाचा आणि टोमणे मारणाऱ्यांचा ‘युअरसेल्फ’ झाला.

मग प्रश्न आला येशूचा. पृथ्वीवर असताना त्याच्याशी बोलणारे ‘यू’ म्हणतात, आकाशातून आलेली वाणी मात्र ‘दाऊ’ म्हणते. दुसऱ्या स्तोत्रातल्या ‘तू माझा पुत्र आहेस’ या ओळीत ‘यू’ आहे; तीच ओळ इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला लावून उद्धृत होते तेव्हा ‘दाऊ’. एका सर्वनामाच्या निवडीतून येशूच्या देवत्वाबद्दल निकाल दिल्यासारखं झालं आणि सनातनी वाचक खवळले. त्यांची भाषा कडवट होती, पण व्याकरणाच्या मुद्द्यावर त्यांची बाजू बळकट होती असं माझं मत आहे. मुळात नसलेली उच्च-नीचता भाषांतरात घालायचा अधिकार समितीला नव्हता. मराठीत आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो आणि आईलाही. त्यातली जवळीक ज्याला कळते त्याला, देवापुरता राखून ठेवलेला ‘दाऊ’ किती परका झाला असेल ते सांगावं लागत नाही. ब्रिटनमध्येही १९६१ आणि १९७० च्या नव्या भाषांतराने देवासाठी ‘दाऊ’ ठेवलाच.

१९७८ च्या एका मोठ्या खपाच्या भाषांतराने तो टाकला. १९८९ मध्ये त्या दोन्ही आवृत्त्या, अमेरिकन आणि ब्रिटिश, पुन्हा सुधारल्या गेल्या आणि तिथूनही तो गेला. निर्णय योग्यच होता. मात्र यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात त्याची किंमत मोजावी लागली. तिथे संदेष्टा देवाला उद्देशून म्हणतो की तू स्वतःला लपवणारा देव आहेस. १६११ मध्ये आणि १९५२ मध्येही हे वाक्य ‘दाऊ’ने सुरू होऊन ‘दायसेल्फ’वर येतं. ‘दाऊ’ गेल्यावर तिथे ‘युअरसेल्फ’ यावा अशी अपेक्षा; १९८९ च्या अमेरिकन आवृत्तीत आला ‘हिमसेल्फ’, कारण ‘तू असा देव आहेस, जो...’ अशा रचनेत आजचं इंग्रजी तृतीय पुरुषाकडे वळतं. मराठी भाषांतरकाराला ही अडचण येत नाही, ‘स्वतःला’ तिन्ही पुरुषांना चालतो. इंग्रजीत मात्र थेट देवाशी चाललेलं बोलणं त्या एका शब्दापाशी देवाविषयीचं बोलणं होतं.