माऊ सारखी खाकरतेय? पेस्ट घ्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

हल्ली दुकानात रोज कोणी ना कोणी येऊन एकच विचारतं, "ताई, आमची मांजर सारखी ख्यॅक ख्यॅक करते, बाहेर काहीच पडत नाही, ती हेअरबॉलची पेस्ट द्या ना." हेअरबॉल म्हणजे पोटात साठलेल्या केसांचा गोळा. पेस्ट आमच्याकडे आहे, नाही असं नाही, पण ती हातात ठेवायच्या आधी मी दोन-चार प्रश्न विचारते आणि ग्रूमिंग टेबलावर कोणाचं तरी पर्शियन पिल्लू बसलेलं असलं की सगळं नीट सांगून होत नाही, हे काउंटरवर एकटेच असतात, म्हणून हा कागद छापून घेतलाय. घरी नेऊन शांतपणे वाचा.

केस पोटात जातात कसे

मांजरीने कधी हात चाटला असेल तर माहितीये, जीभ पॉलिश पेपरसारखी लागते. जिभेवर बारीक काटे असतात, आपली नखं ज्याची बनतात त्याच केराटिनचे, आणि सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली. त्यामुळे अंग चाटताना सुटलेला केस त्यात अडकला की तो आतच जातो, तिला थुंकता येत नाही. केस पचत नाहीत. बरेचसे शीवाटे निघून जातात, जे पोटात राहतात ते एकमेकांत गुंततात आणि मग एक दिवस उलटीतून बाहेर. नाव हेअरबॉल असलं तरी तो गोल नसतो बरं का, अन्ननलिकेतून दाबून येतो म्हणून करंगळीएवढा लांबट, ओला, करडा-तपकिरी असतो, बरेच जण मांजरीने लिटर, म्हणजे तिची शी-शूची वाळू, सोडून बाहेर शी केली म्हणून तिलाच ओरडतात. काडीने जरा उसवून बघा, आत नुसते केस दिसतील.

असा गोळा कधीतरी पडला, पडल्यावर माऊ लगेच खायला आली, खेळायला लागली, तर घाबरायचं काही नाही. लांब केसांच्या मांजरींना हे जास्त होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर केस गळतात तेव्हा अजून थोडं वाढतं. पण दर आठवड्याला गोळा पडायला लागला, किंवा आधी कधी नव्हतं आणि आता अचानक सुरू झालं, तर फक्त केसांना दोष देऊ नका. पिसवा असतील, ॲलर्जी असेल, घर बदललंय किंवा नवीन मांजर आणलीये म्हणून टेन्शनमध्ये जास्त चाटत असेल, नाहीतर आतड्याचाच काही त्रास असेल, ते डॉक्टरांनीच बघायला हवं.

उलटीचा उमासा की खोकला?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते आणि आमच्याकडूनही झालीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोळा बाहेर यायचा असतो तेव्हा पोट आत-बाहेर होतं, अगदी बरगड्यांपासून ढवळल्यासारखं. आधी ती अस्वस्थ होते, ओठ चाटते, लाळ गळते, मग दोन-तीन उमासे आणि काहीतरी पडतं, केस किंवा फेस किंवा पिवळं पाणी. खोकला वेगळा दिसतो. मांजर जमिनीला चिकटून बसते, कोपरं बाहेर काढते, मान पुढे ताणते आणि ढास लागल्यासारखं एकामागून एक खोकते, शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करते आणि उठून चालायला लागते. बाहेर काहीच नाही. बघणाऱ्याला वाटतं गोळा अडकला होता, परत आत गेला. आणि दोन्हींचा आवाज इतका सारखा असतो की नुसतं ऐकून आम्हालाही सांगता येत नाही.

आमची दुकानातली चिंगी अशीच खाकरायची. मी इतकी वर्षं मांजरींचे केस विंचरतेय, मला वाटलं हेअरबॉलच, दोन महिने पेस्ट चाटवली. एकदा रात्री ती तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तेव्हा पळतच डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी छाती तपासली, एक्स-रे काढला, निघाला दमा. मांजरींना दमा होतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आणि तिची झोपायची जागा कुठे, तर देव्हाऱ्याखालच्या फळीवर, जिथे आम्ही सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावायचो. आता तिला छोट्या मास्कमधून पंप देतो, उदबत्ती बंद करून नुसता दिवा लावतो, चिंगी मजेत आहे. ते दोन महिने मात्र माझ्या मनातून जात नाहीत, तुमच्याकडून असं होऊ नये एवढंच.

तर खाकरणं सुरू झालं की पहिलं काम म्हणजे मोबाईल काढायचा आणि व्हिडिओ घ्यायचा, बाजूने घ्या, म्हणजे पोट आणि मान दोन्ही दिसेल. दवाखान्यात गेल्यावर ती एकदाही खोकणार नाही ही खात्री ठेवा, डॉक्टरांना तो व्हिडिओच कामाला येतो. ती गाढ झोपलेली असताना १ मिनिट घड्याळ लावून श्वासही मोजा, पोट वर-खाली झालं की एक. ३० च्या आत असेल तर ठीक, सारखे त्याहून जास्त येत असतील तर दाखवून घ्या. आणि घरात उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सिगरेट, रूम स्प्रे, धूळ उडणारं लिटर यातलं काय काय आहे ते आठवून बघा. दिवाळीत फटाक्यांचा धूर असतो तेव्हा खिडक्या लावून घ्या.

दुकानात न येता थेट डॉक्टरांकडे कधी

तोंड उघडून श्वास घेतेय, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडल्यात, तर एक मिनिटही थांबू नका. सारखे उमासे येतात पण काही पडत नाही, पोट फुगलंय, शी होत नाहीये, कोपऱ्यात जाऊन बसलीये, तर त्याच दिवशी न्या, गोळा आतड्यात अडकला असला तर ऑपरेशन लागू शकतं. पूर्ण दिवस काही खाल्लं नसेल तरी न्या, खासकरून जाड मांजर असेल तर, कारण उपास पडला की त्यांच्या लिव्हरवर चरबी चढते. आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, मांजा असो, शिवणाचा दोरा असो, गजऱ्याचा असो, ओढायचा नाही. आत आतडं चिरतं. तसंच घेऊन जा.

घरी काय करायचं

फणी. खरंच, अर्धं काम तिथेच होतं, जो केस फणीत आला तो पोटात गेला नाही. लांब केस असतील तर रोज ५ मिनिटं, छोटे असतील तर आठवड्यातून दोनदा पुरतं. जेवून सुस्तावलेली असते ती वेळ धरा. सुरुवात हनुवटी आणि गालापासून करा, तिथे त्यांना आवडतं, मग पाठ, आणि पोट-मांड्या शेवटी, तेही ती करू देईल तेवढंच. शेवटी तळहात जरा ओला करून अंगावरून फिरवा, सुटे केस हाताला चिकटून येतात. जटा झाल्या असतील तर कात्रीने कापू नका, मांजरीची कातडी फार पातळ असते आणि जटेबरोबर वर ओढली जाते, महिन्यातून एखादी तरी मांजर अशी जखम घेऊन येते. आमच्याकडे आणा, मशीनने काढून देऊ.

पाणी जास्त जायला हवं. नुसतं कोरडं खाणं देत असाल तर दिवसातून एकदा तरी ओलं द्या. पाण्याचं भांडं पसरट घ्या आणि लिटरपासून लांब ठेवा.

फायबरसाठी वाफवलेला लाल भोपळा, मीठ-मसाला काही न घालता, एक छोटा चमचा खाण्यात कालवून. किंवा इसबगोल पाव चमचा, पण ओल्या खाण्यात आणि वरून पाणी घालूनच, कोरडा दिला तर उलट शी अडकेल. घटस्थापनेला धान्य पेरतो तसं एका कुंडीत गहू पेरा, आठ-दहा दिवसांत पाती वर येतात, मांजरी आवडीने खातात. बागेतलं गवत नको, त्यावर फवारणी असते, आणि घरात लिलीची फुलं तर अजिबात नकोत, तिचे परागसुद्धा किडनीला विष आहेत.

आता पेस्ट. केस घसरून पुढे जायला तिची मदत होते, पण जेवणाबरोबर देऊ नका, दोन खाण्यांच्या मध्ये द्या, नाहीतर काही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. पंजावर थोडी लावली की चाटून घेते. रोज वर्षभर द्यायची गोष्ट नाही ती. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर दुसरी ट्यूब न्यायला येऊ नका, डॉक्टरांकडे जा.

हे मात्र करू नका

सिरिंजने तेल किंवा लिक्विड पॅराफिन तोंडात सोडू नका, ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. एरंडेल नको. चमचा-चमचा तूप नको, ते पचून जातं, केसांपर्यंत पोचतच नाही, जुलाब मात्र होतात. आपलं कफ सिरप नको, आणि पॅरासिटामॉलची तर अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध लावू नका, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर मांजरीला झटके येतात, घेताना "मांजरीसाठी आहे" असं आम्हाला स्पष्ट सांगा.

फणी कशी धरायची ते बघायचं असेल तर दुपारी २ ते ४ मध्ये या, तेव्हा गर्दी कमी असते, मी चिंगीवर करून दाखवते, त्याचे पैसे नाहीत. आणि माऊला घेऊन याल तेव्हा मोबाईलमधला तो व्हिडिओ विसरू नका.